तात्यांची हातातली सायकल

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते, ते आमचे घरमालक रोज सकाळी सायकल घेऊन कोर्टात जात आणि संध्याकाळी सायकल घेऊन घरी येत. सायकलीवर बसलेले मात्र ते कुणाच्या कधी दृष्टीस पडले नव्हते. बेंदराला बैल मिरवायला काढावा तशी ती सायकल डाव्या हाताला धरून ते पेठेतून चालत जायचे. काळीभोर, उंच दांडीची सायकल. रिममध्ये बघून भांग पाडावा इतकी लखलखीत. मालक स्वतः उंचीने बेताचे, अंगाने आडवे, डोक्यावर काळी टोपी आणि नाकाखाली अशी मिशी, की वळणावर आधी मिशी दिसायची आणि मग मालक.

सगळी पेठ त्यांना तात्या म्हणायची, म्हणून मीही तात्याच म्हणू लागले. ते कोर्टात बेलिफ होते. समन्स आणि नोटिसा लोकांच्या दारात नेऊन पोचवायच्या, ही त्यांची नोकरी. त्यासाठी लांबलांबच्या खेड्यांत जावं लागे. तिथेही तात्या सायकल घेऊन चालत जायचे आणि सायकल घेऊन चालत यायचे.

ह्या प्रकाराबद्दल पेठेत निरनिराळी मतं होती. कुणी म्हणे, तात्यांनी नवस बोललाय. कुणी म्हणे, टायर झिजू नये म्हणून बसत नाहीत. तालमीतल्या एका वस्तादांचं मत होतं की चढाला सायकल ढकलण्यासारखा छातीचा व्यायाम नाही आणि तात्यांनी ती गोष्ट कुणाला न सांगता दाबून ठेवली आहे. मी बाहेरगावची, त्यामुळे मला भीडभाड कमी. राहायला आले त्याच महिन्यात मी सरळ विचारलं, "तात्या, तुम्ही बसून का जात नाही?"

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बाई, सरकार मला सायकलीचा भत्ता देतंय. बसायचा न्हाय."

"म्हणजे?"

"भत्ता सायकलीचा हाय, म्हंजे सायकल गावाला गेली पायजे. ती जातीया. मी तिच्याबरोबर जातो. ह्यात सरकारची फसवणूक कुठं झाली सांगा की!"

मी शाळामास्तरीण. आयुष्यात पुष्कळ कारणं ऐकली, पण इतकं बिनतोड कारण दुसरं ऐकलं नाही.

सायकलीवर न बसणारा हा माणूस पेठेत टायरचा जाणकार म्हणून ओळखला जायचा, ही आणखी गंमत. संध्याकाळी दारातल्या कट्ट्यावर तात्या बसले की कुणी ना कुणी येऊन उभा राहायचा. "तात्या, टायर घ्यायचंय. कंचं घिऊ?" तात्या टायरबद्दल अवाक्षर काढत नसत. ते म्हणत, "आधी रस्ता सांगा."

रस्ता सांगायचा म्हणजे नुसतं गावाचं नाव सांगून भागायचं नाही. डांबर कुठवर आहे, खडी कुठून लागते, बैलगाडीची चाकोरी आहे का, बांधाला बाभळ आहे का, माती तांबडी की काळी, जाताना कॅरिअरवर काय असतं आणि येताना काय, ही सगळी उलटतपासणी व्हायची. ती कोर्टातली हवा होती. मग निकाल. दुधाचे क्यान घेऊन येणाऱ्याला ते सांगायचे, "जाड टायर मागं घाला, फुडं न्हाय. वजन मागं असतंय आन लोक कौतिक फुडच्याचं करत्यात." शिरोलीच्या फौंड्रीत कामाला जाणाऱ्याच्या टायरमध्ये लोखंडाचा कीस घुसायचा. त्याला ते नवीन टायर घेऊच द्यायचे नाहीत. जुन्या टायरची पट्टी कापून आतून अस्तरासारखी बसवायला लावायचे. हुपरीचा एक चांदीचा कारागीर पैंजणांची पेटी कॅरिअरला बांधून कोल्हापूरला यायचा. त्याला खडबडीत, चौकोनी गट्टूंचं टायर आवडलं होतं. तात्यांनी ते साफ नाकारलं. म्हणाले, "गट्टूचं टायर डांबरावर गुणगुणतंय. चांदी घिऊन निघाल्याला माणसानं गुणगुणत जाऊ नये."

एकदा तर एक गृहस्थ मुलीच्या स्थळाबद्दल सल्ला विचारायला आले. मुलगा चांगला, शेती चांगली, घर चांगलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी रस्ता सांगा."

"रस्ता? कसला रस्ता, तात्या?"

"पोरीला माहेरला यायचा. पावसाळ्यात यील का ती?"

पुढच्याच आठवड्यात ते गृहस्थ स्वतः सायकल मारत त्या गावाला जाऊन रस्ता बघून आले आणि मगच सुपारी फोडली. त्या लग्नात तात्यांना मानाचा फेटा होता.

पेठेच्या कोपऱ्यावर एका चाचांचं सायकलचं दुकान होतं. चाचा आणि तात्या लहानपणापासूनचे मित्र, म्हणजे रोज भांडायचे. खांबाला अडकवलेली टायरं तात्या एकेक करून उतरवायचे, उलटी वळवायचे, नखाने दाबायचे, वास घ्यायचे. नव्याकोऱ्या टायरला रबराचे बारीक केस असतात, त्यांना तात्या 'मिशी' म्हणायचे. मिशी शाबूत नसली की टायर परत खांबाला.

"तात्या, टायर हाय त्ये, नवरदेव न्हवं!" चाचा ओरडायचे.

"मिशी न्हाय त्ये टायर कुनीतरी वापरून धुऊन ठेवल्यालं असतंय," तात्या शांतपणे म्हणायचे.

स्वतःच्या सायकलीची टायरं ते ऋतू पालटला की पालटायचे. पावसाळ्याचं वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं. उतरवलेलं टायर धड एक हंगामसुद्धा वापरलेलं नसायचं, तेही वर कुणी न बसता. ते गरजवंताला देऊन टाकायचे. अर्धी पेठ तात्यांच्या टायरवर फिरत होती म्हटलं तरी चालेल. काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "माझ्या लुगड्यापेक्षा सायकलीला कापडं जास्त." पण हसून म्हणायच्या.

माझी शाळा शिरोलीच्या कारखान्यांच्या पलीकडे, उसाच्या पट्ट्यातल्या एका खेड्यात होती. एसटी जायची, पण तिच्या वेळेचं आणि शाळेच्या वेळेचं जन्माचं वैर. हेडमास्तर भले होते, तरी तेही किती दिवस घड्याळाकडे पाठ करून बसणार? शेवटी मी मिरजेहून भावाकडची जुनी लेडीज सायकल मागवली. सायकल धड होती, टायरं मात्र पार गेलेली. रात्री जेवताना मी सहज म्हटलं, "उद्या दोन टायरं घ्यावी म्हणते."

तात्यांचा घास हातातच राहिला. "आधी रस्ता सांगा."

"अर्धा डांबरी, मग कच्चा."

"कच्चा म्हंजे? कच्चा पेरू असतोय. रस्ता कसा हाय त्ये सांगा."

मला नीट सांगता येईना. तेव्हा रविवारी तात्या स्वतः सायकल घेऊन तो सगळा रस्ता चालून आले. संध्याकाळी परतले ते खिशात मातीच्या पुड्या घेऊन. पुढच्या सोप्यात बसून त्यांनी एकेक पुडी उघडली, माती पाण्याने भिजवली आणि तळहातावर वळून बघितली. काकी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गणपती कराय लागल्यात का काय!"

दुसऱ्या दिवशी चाचांच्या दुकानात मला गट्टूचंच टायर आवडलं. दणकट दिसत होतं. चाचाही म्हणाले, "बाई, कच्च्या रस्त्याला ह्येच. पकड बघा कशी हाय." तात्यांनी खिशातून ओल्या मातीचा गोळा काढला आणि त्या कोऱ्या टायरवर दाबून फासला. माती गट्टूंच्या फटींत गच्च बसली; नखाने उकरून निघेना. मग उरलेली माती त्यांनी शेजारच्या टायरवर फासली, ज्याच्यावर नुसत्या उभ्या रेघा होत्या. बोट फिरवलं, माती गळून पडली.

"बघा. काळी माती गट्टूत बसली की उठत न्हाय. मग ती मडगार्डात भरती. मग चाक फिरत न्हाय. मग बाई सायकल डोक्यावर घिऊन शाळंत."

"आन हे चिखलाचं टायर कोण घेणार? तुझा बाप?" चाचा कडाडले. तात्यांनी ते टायर स्वतः नळाखाली धुऊन, पुसून खांबाला लावून दिलं. मग माझ्यासाठी पुढे रेघांचं साधं आणि मागे रेघांचंच, पण जाड, अशी जोडी निघाली.

तात्यांचं म्हणणं अगदी खरं ठरलं. पावसात त्या रस्त्यावर कितीतरी जण सायकली थांबवून काटकीने मडगार्डातला चिखल उकरत बसलेले असायचे आणि मी घंटी वाजवत पुढे जायची. मी कधी उशिरा पोचले नाही. हेडमास्तरांनी घड्याळाकडे पुन्हा तोंड केलं.

पण एक दुखणं होतं, ते हवेचं. हवा तात्या स्वतः भरायचे. पंप मारून मारून टायर दगड करायचे. अंगठ्याने दाबून ते तसूभरही दबता कामा नये, वर बोटाच्या पेराने वाजवलं तर टणकन वाजलं पाहिजे, ही त्यांची कसोटी. त्या दगडी चाकांवरून चाकोरीच्या रस्त्याने जाताना माझी हाडं खिळखिळी व्हायची. काकी डब्यात दही द्यायच्या, शाळेत पोचेपर्यंत त्याचं ताक झालेलं असायचं. एकदा तर वर लोण्याचा गोळा आला. मी तात्यांना सांगितलं, तर म्हणाले, "टायरला हवा म्हंजे पैलवानाला दूध. कमी पडून चालत न्हाय."

मग आमचं मुकं भांडण सुरू झालं. सकाळी मी कोपऱ्यावर जाऊन चाकातली थोडी हवा सोडायची. संध्याकाळी तात्या अंगठ्याने टायर दाबायचे, माझ्याकडे रागाने बघायचे आणि पंप घेऊन बसायचे. असं बरेच दिवस चाललं. एका संध्याकाळी पाठ अशी काही धरली होती, की माझा तोल गेला. मी म्हटलं, "तात्या, सायकल हातात धरून चालणाऱ्याला हे कसं कळणार? एकदा वर बसून बघा ना!"

तात्यांनी पंप भिंतीला टेकवून ठेवला आणि ते आत निघून गेले. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात काकींनी मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. त्या कांदा-लसणाची चटणी कुटत होत्या. बत्ता खाली न ठेवताच हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, त्येंस्नी येत न्हाय."

"काय येत नाही?"

"सायकल!"

आणि काकी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की चटणीचा ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. मग हळूहळू सगळं कळलं. लहानपणी घरात सायकल नव्हती. नोकरी लागली तेव्हा भत्त्यासाठी स्वतःची सायकल हवी, असा नियम होता. तात्यांनी सायकल घेतली, पण तोवर मिशी वाढून बसली होती.

"येवढी मिशी घिऊन पेठंत पडायचं कसं?" काकी म्हणाल्या.

मला पटेना. पडलं तर पडलं, त्यात काय? तेव्हा काकींनी मला पेठेची रीत समजावून सांगितली. इथे माणसाला नाव एकदा पडलं की पडलं. कुणा एकाचा लग्नाच्या पंगतीत केळीच्या सालीवरून पाय घसरला, त्याला केळ्या म्हणू लागले. "त्येचा नातू आता कालेजात जातोय, बाई. त्येला बी केळ्याच म्हणत्यात. नातवानं अजून साल बघिटली बी नसंल!"

हसून झालं. मग काकी बत्त्याकडे बघत म्हणाल्या, "लगीन होऊन आल्यापासनं मला कॅरिअरवर बसून रंकाळा तळ्यावर जायाचं हुतं. दुसऱ्यांच्या बायका जायच्या. आमचा कॅरिअर मोकळा आन मी त्येच्या शेजारनं चालत. जाऊ द्या, चालत तर चालत. पर आता ह्ये नवंच झालंय."

नवं म्हणजे असं होतं. तात्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. कोर्टातल्या तरुण मंडळींनी बेत केला होता, की शेवटच्या दिवशी तात्यांना हार घालायचा, बँड लावायचा आणि त्यांच्याच सायकलीवर बसवून पेठेपर्यंत मिरवत आणायचं. 'आयुष्यभर तुमी हिला सांभाळली, एक दिवस ती तुमास्नी सांभाळू दे,' असं ती पोरं म्हणत होती. बेत प्रेमाचा होता आणि तात्यांची झोप उडाली होती. त्यांनी ठरवून टाकलं होतं, की शेवटचे दिवस रजा टाकायची आणि गुपचूप मोकळं व्हायचं.

"पर मला चौकात ओवाळायचं हाय," काकी म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "समद्यांच्या बायकांनी ओवाळलं. येवढी वर्सं इमानानं नोकरी केली ह्या माणसानं, आन चोरागत मागल्या दारानं रिटायर व्हायचं व्हय?"

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी तात्या सायकल पुसत होते तिथे जाऊन उभी राहिले. "तात्या, रविवारी माझ्या शाळेच्या रस्त्यावर या. तिकडे पेठेतलं चिटपाखरू येत नाही. आणि माती मऊ आहे. तुम्हीच तपासली आहे."

तात्यांना काय ते समजलं. स्वयंपाकघराकडे एकदा रागाने बघून झालं. बराच वेळ रिम पुसून झाली. मग म्हणाले, "कंचं टायर घालू?"

"तुम्ही मला विचारता?"

"रस्ता ठावं हाय, बाई. माणूस नवा हाय."

मग रविवारमागून रविवार आमची शाळा भरू लागली. तात्या सायकल घेऊन चालत यायचे, काकी भाकरी घेऊन त्यांच्या शेजारून. त्यांचे पाय बसल्यावर जमिनीला पुरत नव्हते, म्हणून ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर चढून ते सीटवर बसायचे. मी मागून ढकलायची. रस्ता संपायचा तिथे उसाच्या पाल्याचा मोठा ढीग होता. थांबायचं झालं की तात्या खुशाल त्या ढिगात शिरायचे. काकी टोपीतला पाला वेचायच्या आणि पुन्हा कठड्याकडे. सुरुवातीला तात्या ढिगापर्यंत पोचायचेच नाहीत, वाटेतच आडवे व्हायचे. पडल्यावर आधी चारी बाजूंना बघायचे पेठेतलं कुणी आहे का, आणि मग बघायचे लागलंय का.

ज्या दिवशी ते पहिल्यांदा न पडता ढिगापर्यंत गेले, त्या दिवसाचा आनंद मी विसरणार नाही. काकी तर रस्त्यात उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. तात्या पाल्यातून बाहेर आले ते कुणाशी न बोलता सरळ मागच्या चाकाशी बसले. अंगठ्याने टायर दाबलं. पुन्हा दाबलं.

"बाई," ते म्हणाले, "हवा जास्त हाय."

इतके दिवस माझ्या पाठीने जे सोसलं होतं, त्याचं त्या एका वाक्यात चीज झालं.

"वर बसल्याबिगर टायर कळत न्हाय," तात्या स्वतःशीच म्हणाले. त्या संध्याकाळी ते पेठेत दारोदार हिंडले. ज्यांना ज्यांना आजवर टायरचा सल्ला दिला होता, त्यांना सांगत सुटले, "जरा हवा सोडा. सोडा म्हंतो न्हवं!" कारण विचारणाऱ्याला नुसती मिशी दाखवायचे. आणखी एकदा त्यांनी मला हाक मारून मागचं टायर दाखवलं. टायरच्या कडेची रबरी मिशी झडून गेली होती. मला वाटलं, आता हळहळतील. पण ते स्वतःच्या मिशीला पीळ देत म्हणाले, "गेली बघा! चाललं की ह्ये टायर!"

रजेचा अर्ज त्यांनी दिलाच नाही.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी चाचांनी सायकल सगळी खोलून, तेलपाणी करून दिली. मी आणायला गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाई, इतकी वर्सं ह्या सीटचं कातडं कोरं हुतं. आता चमक आलीया. मी कुनाला कवा बोललो न्हाय. आता बी बोलणार न्हाय." मला त्या भांडखोर म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

तो दिवस उजाडला. काकी नवं लुगडं नेसून, ओवाळणीचं ताट घेऊन तालमीसमोरच्या चौकात उभ्या होत्या. शेजारी मी. चौकाच्या मधोमध पिंपळाचा पार आणि भोवती सगळी पेठ जमलेली. दूरवरून बँड ऐकू येऊ लागला.

एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. मिरवणूक हळू चालते आणि नव्या सायकलस्वाराला हळू चालवता येत नाही. मागाहून कळलं, की कोर्टाच्या पायरीवरून तात्या थाटात सीटवर बसले खरे, पण बँडच्या चालीने जाऊ लागताच सायकल डुगडुगू लागली. पडण्यापेक्षा पळालेलं बरं, म्हणून त्यांनी पायंडल मारलं आणि बँडला मागे टाकून निघाले. त्यामुळे चौकात आम्हाला आधी दिसले ते एकटे तात्या. गळ्यात हार, टोपी तिरकी, डोळे समोर. बँडवाले वाद्यं पोटाशी धरून मागून पळत येत होते.

तात्या चौकात आले, काकींनी ताट उचललं आणि तात्या ताटासमोरून निघून गेले. पाराला वळसा घालून पुन्हा आले, पुन्हा निघून गेले. आम्ही त्यांना बसायला शिकवलं होतं, चालवायला शिकवलं होतं, उतरायला शिकवलंच नव्हतं! तिकडे पाल्याचा ढीग होता.

पुढच्या वेढ्याला ते माझ्या अगदी जवळून गेले आणि दात न उघडता म्हणाले, "बाई, पाला कुठं हाय?"

चौकात कुजबूज सुरू झाली. हा माणूस थांबत का नाही? कुणीतरी हसलंसुद्धा. एक शब्द, एकच शब्द कुणाच्या तोंडून निघायचा अवकाश, की तो तात्यांच्या नातवंडांपर्यंत पुरला असता. तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर चढून चाचा गरजले, "वाट सोडा रं! तात्या पाराला फेऱ्या माराय लागल्यात! इमानानं नोकरी पुरी झाली तर मारायच्या, असा नवस हुता! वाजवा की, बघत काय ऱ्हायलाय!"

बँडने जीव खाऊन वाजवायला सुरुवात केली. सगळी पेठ टाळ्या वाजवू लागली. तरणी पोरं तात्यांच्या मागून पळू लागली. पण तात्यांचं तोंड लाल झालं होतं आणि पाय थकत चालले होते, हे मला दिसत होतं. काकींनाही दिसत होतं. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं, पदर कमरेला खोचला आणि तात्या पुन्हा समोर येताच धावत जाऊन दोन्ही हातांनी कॅरिअर धरला. चार पावलं सायकलीबरोबर पळाल्या आणि मग मागे रेलल्या. जन्मभर त्या सायकलीच्या शेजारून चाललेली बाई ती. सायकल कुठं धरायची हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सायकल थांबली. तात्या अलगद दोन पायांवर उतरले आणि सगळं आधीच ठरलं असावं तशी त्यांनी मिशी पिळली.

"काकींस्नी कॅरिअरवर बसायचं हाय वाटतं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि सगळा चौक हसला. काकींनी ते नाकारलं नाही. धापा टाकत त्यांनी ताट घेतलं आणि तात्यांना ओवाळलं. मी त्या गर्दीत उभी राहून ढसाढसा रडले आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

त्यानंतर आमच्या गल्लीत जो कुणी निवृत्त व्हायचा, तो सायकलीवरून पाराला फेऱ्या मारूनच घरी जायचा. रीतच पडली. ती कशी पडली, हे आम्हा चौघांनाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले, तर तात्या अंगणात मागच्या चाकाशी पंप घेऊन बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता भत्ता न्हाय, बाई. आता आपल्या पदरचं बसायचं." मग जरा घुटमळून, "दोघांच्या वजनाला हवा किती भरू?"

मी म्हटलं, "आधी रस्ता सांगा."

तात्या मिशीत हसले. "रंकाळा."

आतून काकींचा आवाज आला, "माझं वजन इचारू नका, आन हवा कमी भरू नका!"

मी सायकल बाहेर काढली आणि उंबऱ्याशी थांबले. काळजी काही सुटत नव्हती. हळू आवाजात विचारलं, "तात्या, दाराच्या पायरीवरून बसाल. पण तिकडे उतरायचं कसं?"

"त्यात काय?" तात्या पंप मारत म्हणाले. "ती हाय की मागं."